विरजणाचं शिसं

तुरीच्या ओल्या शेंगा बाजारात आल्या की ती केस अजून माझ्यापुढे येऊन उभी राहते. सून शेंगा उकडते, नातवंडं मीठ लावून खातात, मी खात नाही. कोणी विचारलं तर दात नाहीत म्हणून सांगतो. दात आहेत.

मी शिकलो सातवीपर्यंत. शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. मधल्या पायऱ्या माझ्या पायानं चढलो, कोणाच्या खांद्यावर बसून नाही. लोक म्हणतील, म्हातारा बढाया मारतो. मारतो. नोकरी केली आहे म्हणून मारतो. गावाचं आणि माणसांचं नाव मात्र लिहीत नाही. उमरखेड-महागावच्या अंगाचं ठाणं होतं, एवढं पुरे. ज्याला ओळखायचं तो ओळखेल आणि ओळखून गप्प बसेल.

आधी बंदुकीचं सांगितलं पाहिजे, नाही तर पुढचं समजणार नाही.

आमच्या हद्दीत पीक-संरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुका होत्या. सगळ्या ठासणीच्या. शहरातल्या माणसाला बंदूक म्हटली की पितळी काडतूस आठवतं. ठासणीला काडतूस नसतं. नळीत वरून दारू ओतायची, त्यावर चिंधी, चिंधीवर घरी ओतलेली शिशाची गोळी, आणि लोखंडी गजानं ठासायचं. एक बार झाला की दुसरा ठासेपर्यंत हरीण पुढच्या गावच्या शिवारात. म्हणून जुना शिकारी बार वाया घालवत नसे. परवाना असतो पिकात शिरलेलं जनावर हाकलण्यासाठी. हरीण मारणं गुन्हा आहे, तेव्हाही होता, आणि तसे गुन्हे मी स्वतः दाखल केलेले आहेत. पण तूर शेंगेवर आली की चितळांचे कळप रानातून खाली उतरतात, आणि दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी घरून मसाला वाटल्याचा वास येतो, हे ठाण्याच्या भिंतींनाही ठाऊक होतं.

या जुन्या लोकांना काडतुसाचा तिटकारा. म्हणत, ती गोळी आरपार जाते, जनावर दोन शेतं धावून मरते अन् कोल्ह्यायचं पोट भरते. आपलं शिसं मऊ, आत जाऊन पसरते, जनावर जागेवर बसते. खरं असेल, खोटं असेल. पण गोळी आतच राहते एवढं खरं, आणि त्यातूनच त्यांची एक रीत निघाली.

शिकार फाडताना पहिलं काम गोळी शोधायचं. ती धुवून घरी आणायची. घरात लाडवाएवढा शिशाचा एक गोळा असायचा, त्यात ती वितळवून टाकायची, आणि पुढची गोळी त्यातूनच ओतायची. कालचं दही ठेवून आज दही लावतो तसं. म्हणून त्या शिशाला विरजणच म्हणायचे. आजानं पाडलेल्या हरणातलं शिसं नातवाच्या गोळीत आलं तर नेम लागतो, असा समज. विरजण देवाशेजारच्या कोनाड्यात, हळदकुंकू लावून. उसनं कोणाला देत नसत. माझे मामा या नादाचे होते म्हणून मला हे माहीत. मामांनी त्या विरजणाचं आणखी एक सांगितलं होतं. ते जागेवर सांगतो.

त्या हिवाळ्यात निवडणूक लागली. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. मी तेव्हा हवालदार होतो, लोक जमादार म्हणत; गावोगाव जाऊन त्या आणण्याचं काम माझ्याकडे होतं. एका गावात एक म्हातारा होता, सगळं गाव त्याला दाजी म्हणे, आम्हीही दाजीच म्हणू. नेमबाजीत त्याचं नाव तीन तालुक्यांत. लग्न असो, पोळा असो, गावात पहिला शब्द दाजीचा. मी बंदूक घ्यायला गेलो तर ती मांडीवर घेऊन बसलेला.

"जमादार, बायकोले घेऊन जा, पन हिले नोको नेऊ."

"काकूले परवाना लागत नाही दाजी, हिले लागते."

"मंग तिले बिनापावतीची जमा कर."

आतून काकू बोलल्या, "करा बाप्पा. तिथं चहा तं आयता भेटन."

हसत-हसत बंदूक घेतली, पावती दिली, चिठ्ठी बांधून मुद्देमाल खोलीत उभी केली. हद्दीतल्या सगळ्या ठासण्या तिथं एका रांगेत होत्या. किल्ली माझ्या कमरेला.

पुढच्याच आठवड्यात, सकाळची हजेरी चालू असताना पोलीस पाटलाचा फोन आला. दाजीच्याच गावात, नाल्याकाठच्या तुरीत, एक सालदार, म्हणजे सालाच्या बोलीवरचा गडी, मरून पडला आहे. छातीत गोळी.

आमचे ठाणेदार नवे होते. परीक्षा देऊन आलेले, हुशार, प्रामाणिक, पण घाईचे. आम्ही निघालो.

प्रेत तुरीच्या तासात, दोन ओळींच्या मधे, कुशीवर पडलेलं. अंगावर मातकट रंगाची घोंगडी, थंडीमुळे डोक्यावरून घेतलेली. गव्हाला पाणी सोडून परत येताना तो वाकून शेंगा तोडत असावा. उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. पंचनाम्यासाठी ती उघडली, आत तुरीच्या ओल्या शेंगा. घरी लहान लेकरं होती. पंचनाम्यात 'उजव्या मुठीत तुरीच्या शेंगा' एवढंच लिहिता येतं. तेवढंच लिहिलं.

फिर्याद त्याच्या भावानं दिली. लिहून घेताना तो एकच वाक्य परत-परत म्हणत होता, "कोनाचं काय घेतलतं त्यानं साहेब? कोनाचं काय घेतलतं?"

शवविच्छेदनात गोळी निघाली. डॉक्टरांनी ती काचेच्या लहान बाटलीत घालून, बुचावर लाख लावून, सील करून आमच्या ताब्यात दिली. गोल, घरची ओतीव, एका अंगानं चपटी झालेली.

ठाणेदार बाटली उजेडात धरून म्हणाले, "ठासणीची आहे. परवान्याच्या ठासण्या कुठे आहेत, जमादार?"

"आपल्याच खोलीत, साहेब. किल्ली माझ्याकडे."

"म्हणजे ही बेकायदा बंदूक. आणि बेकायदा बंदूक कोणाकडे असते?"

साहेबाच्या प्रश्नांचे दोन प्रकार असतात. एकाचं उत्तर द्यायचं असतं. हा दुसरा होता.

खबर आयती चालून आली. पोलीस पाटलानं ठाणेदारांना बाजूला घेतलं. "साहेब, गावाबाहेर पारध्यायचा बेडा हाय. त्यातला एक पहाटे नाल्यातून पयतानी लोकायनं पाह्यला." बेडा म्हणजे त्यांची वस्ती, गायरानातली चार पालं. जीप तशीच तिकडे वळली. जीप दिसताच तो माणूस पळाला. नव्या माणसाला वाटतं, पळाला म्हणजे त्यानंच केलं. पारधी जीप पाहून पळतो, आपण साप पाहून पाय उचलतो तसा. धरला. पालात फासे मिळाले, दोन तितर मिळाले, धोतरावर रक्ताचे डाग. बंदूक नाही.

ठाण्यात विचारपूस सुरू झाली. मी जबाब लिहीत होतो.

"काहून पयाला?" मी विचारलं.

"जीप आली म्हनून."

"अन् पहाटे काहून पयाला?"

"बार आयकला म्हनून. बार झाला का जीप येतेच."

ठाणेदारांनी टेबलावर हात आपटला. "बंदूक कुठे टाकली?"

"साहेब, माह्या बापानं बंदूक धरली नाई, आजानं धरली नाई. आमी फासेवाले. बार झाला का तितर त्या बांधाले बसत नाई. मी काय माह्याच ताटात माती टाकू?"

"रक्त कशाचं?"

"सशाचं. थो खाल्ला."

मग त्यानं आपणहून एक गोष्ट सांगितली. "साहेब, मी नाल्यात दम धरून बसलतो. शिकारी बार झाल्यावर धावते, सुरी घेऊन, जनावर जिवंत हाय तवरक. हा धावला नाई. हयू-हयू चालत आला. मंग लय येळ कायचाच आवाज नाई."

"तू पाहिलास त्याला?"

"तूर डोक्याच्या वर हाय साहेब. पाय तेवढे आयकले."

ठाणेदार म्हणाले, "गोष्ट चांगली रचतोस." मी मात्र ते जबाबात जसंच्या तसं घेतलं. रचणारा माणूस पाहिल्याचं सांगतो, ऐकल्याचं सांगून थांबत नाही. नोकरीत हे लवकर समजतं, पुस्तकात सापडत नाही.

कोर्टानं पोलीस कोठडी दिली. खुनाचं कलम लागलं होतं. त्याची बायको ठाण्याच्या फाटकासमोर लिंबाखाली येऊन बसली. रडणं नाही, पाया पडणं नाही. मी येता-जाता दिसलो की विचारायची, "आज सोडता का उद्या?" एकदा म्हणाली, "मानूस ठेवला तं ठेवला, तितर कुठी हायेत माहे?"

"वन खात्याकडे जमा होतील."

"व्हतीन, व्हतीन. मिठासगट व्हतीन."

मी आत जाऊन चौकशी केली. त्या चौकशीबद्दल इथं लिहीत नाही.

बाहेर गाव तापलं होतं. निवडणुकीचे दिवस, दोन्हीकडचे पुढारी मयताच्या दारी. एके दिवशी सगळं गाव ठाण्यावर आलं. पारध्याला फाशी द्या, बेडा उठवा, नाही तर आम्ही पालं पेटवू. पालं पेटवायला काडी पुरते. मी फाटकात उभा राहून गर्दी पाहत होतो. गर्दी बोलते तेव्हा बोलणाऱ्यांकडे पाहायचं नसतं, न बोलणाऱ्यांकडे पाहायचं. सगळ्यांच्या तोंडी पारध्याचं नाव. लिंबाखालच्या बाईला दोन-तीन जणी शिव्या देत होत्या. आणि गर्दीच्या शेवटी, सायकलच्या दुकानाला टेकून, दाजी उभा होता. गावात ज्याचा पहिला शब्द, तो अवाक्षर बोलत नव्हता. बाईकडे बघत होता आणि मान फिरवत होता, परत बघत होता.

मनात काहीतरी कुसळासारखं अडकलं. पण त्याची बंदूक तर माझ्या कुलपात होती.

सगळ्या परवानाधारकांचे जबाब घ्यायचे राहिले होते. नेहमीचं काम. दुपारी दाजीच्या घरी गेलो. ओट्यावर बसला होता.

"बंदूक तुह्यापाशी, अन् जबाब माहा?"

"रीत आहे दाजी. सगळ्यांचेच घेऊन राह्यलो."

"घे मंग."

"त्या पहाटे कुठं होते?"

"गोठ्यात. धार काढून राह्यलतो."

आतून काकू म्हणाल्या, "हो हो, धारच काढत होते. गोठ्यातच होते."

काकूंना मी विचारलं नव्हतं. न विचारता आलेलं उत्तर मी कागदावर लिहीत नसे, पण विसरतही नसे.

चहाला आत बोलावलं. माजघरात बसलो आणि नजर देवाकडे गेली. दर वर्षी शस्त्रतपासणीला मी त्याच जागी बसून चहा प्यायचो. शेजारच्या कोनाड्यात विरजण असायचं, कुंकवानं लाल झालेलं, आणि खाली गोळ्या ओतायचा साचा, काजळीनं काळाकुट्ट. त्या दिवशी कोनाडा रिकामा होता. नुसता रिकामा नाही, पांढऱ्या मातीनं नवा सारवलेला. आणि साचा भिंतीला उलटा टांगलेला, घासून-घासून देवाच्या भांड्यासारखा लख्ख.

मामांनी सांगितलेली दुसरी गोष्ट ही. गोळी गायीला लागली किंवा माणसाला लागली, तर ते विरजण घरात ठेवायचं नाही. त्या शिशाला जे कळू नये ते कळलं. सगळंच्या सगळं नदीच्या डोहात सोडायचं, साचा चिंचेनं घासून उलटा टांगायचा, आणि त्या हातानं पुन्हा बार करायचा नाही.

मी बशी खाली ठेवली. "दाजी, विरजण कुठं आहे?"

दाजीची बशी तोंडाजवळ थांबली. "उंदरानं नेलं."

"शिसं?"

"आमच्या इकडचे उंदरं काईबी नेतेत."

"अन् साचा? तोही उंदरानंच घासला?"

दाजीनं माझ्याकडे पाहिलं. "जमादार, हे तुह्या जबाबात बसते का?"

"नाही बसत."

"मंग चहा पे. थंडा होऊन राह्यला."

चहा प्यालो. जबाबावर सही घेतली. सही करताना दाजीनं कागद हातभर लांब धरला, मग जवळ आणला, मग पुन्हा लांब. बोट ठेवून जागा दाखवली तेव्हा सही झाली.

ठाण्यात येऊन ठाणेदारांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं हे मान्य करतो. मग म्हणाले, "जमादार, कोनाड्यात शिसं नाही म्हणून गावच्या प्रतिष्ठित म्हाताऱ्याला अटक करू? कोर्टाला काय सांगू, विरजण संपलं?"

कायद्यानं त्यांचं बरोबर होतं. रिकामा कोनाडा हा पुरावा नाही. बंदूक नाही, साक्षीदार नाही. आणि दुसऱ्या दिवशी पारध्याची कोठडी संपत होती. तो जेलात जाणार, त्याच्यावर दोषारोपपत्र जाणार, आणि तो जेलात गेला की त्याच रात्री बेड्याला काडी लागणार, हे मला माझ्या हाताच्या रेषांसारखं दिसत होतं.

"साहेब, उद्या दुपारपर्यंत थांबा. नाही जमलं तर माझा गोपनीय अहवाल खराब करा."

"तो आणखी किती खराब होणार?" ते म्हणाले. पण थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजीला निरोप धाडला, एका गोष्टीत तुमची मदत पाहिजे. दाजी आला तो धुतलेलं धोतर नेसून, डोक्यावर कडक टोपी घालून. मी खुर्ची दिली. दोन पंच बाहेरच्या बाकावर बसवून ठेवले होते. टेबलावर फक्त ती बाटली. प्रयोगशाळेकडे जायची होती, कागद तयार होते, शिपाई एसटीच्या वेळेची वाट पाहत होता.

"दाजी, हद्दीत तुमच्यासारखा जाणता नाही. ही कोणाच्या हातची गोळी असेल?"

दाजीनं बाटलीकडे पाहिलं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "मले काय समजते."

"तीन तालुक्यांत तुमचं नाव."

"नावाचं काय? नाव आहे म्हनून आहे."

"एखादा नवशिक्या असेल. घोंगडी अन् हरीण समजलं नाही त्याले. आंधळाच म्हणा."

दाजीचा जबडा हलला. मला वाटलं होतं, इथं तुटेल. तुटला नाही. माझ्यासारखाच हट्टी माणूस. मग मी विचारणंच बंद केलं. प्रवासात फुटू नये म्हणून बाटली कापसात गुंडाळायची होती, ती उचलली. आत गोळी घरंगळली आणि काचेला लागून टक् वाजली.

दाजीनं झटकन मान वळवली. पहिल्यांदा गोळीकडे पाहिलं.

"हे कुठी नेता?"

"प्रयोगशाळेत. मग परत इथं येईल."

"मंग?"

"मग मुद्देमालाच्या कपाटात. केस चालेपर्यंत. अपील झालं तर त्याच्याही पुढं."

"म्हंजे लय वर्सं?"

"लय वर्सं."

वायरलेसवर कोणीतरी कोणाला तरी हाक मारत होतं. दाजी ती गोळी बघत बसला. मग त्यानं टोपी काढून टेबलावर ठेवली.

"हे कपाटात ठेवाचं नसते, जमादार."

"काहून?"

"समदं गेलं अन् हे राह्यलं, तं मंग काय उपयोग?"

मी हळूच विचारलं, "समदं म्हणजे काय, दाजी?"

त्यानं बाटलीवर बोट टेकवलं. मग म्हणाला, "डोहात टाकलं. आजाचं, बापाचं, माहं. समदं टाकलं. हे तेवढं त्याच्या अंगात राह्यलतं. मी त्याच्या जवय उभा होतो अन् हे काढता आलं नाई."

बाकीचं तुकड्यातुकड्यानं आलं.

आजाची एक जुनी ठासणी घरात होती, परवान्याबाहेरची, गोठ्याच्या आढ्यावर लपवलेली. परवान्याची बंदूक आम्ही नेली आणि चितळं तुरीत उतरली. दाजीला राहवलं नाही. सकाळचं त्याला नीट दिसत नव्हतं. कधीपासून? त्यालाच ठाऊक. काकूंनासुद्धा सांगितलं नव्हतं.

"डोयाचं ऑपरेशन काहून नाही केलं दाजी? यवतमाळले फुकट करून देतेत."

"गावानं काय म्हनलं असतं? दाजीचा नेम गेला." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "तुरीत मातकट हाललं. मी म्हनलो चितय. बार टाकला, बसलं जागेवरच. मी शिंगं पाहाले गेलतो, जमादार. शेंगा दिसल्या."

मी पाणी दिलं. त्यानं घेतलं नाही.

"अन् पारध्याले आम्ही धरून आणलं तेव्हा?"

एकदम ताठ झाला. "मी त्याचं नाव घेतलं का? साऱ्या गावानं घेतलं. माह्या तोंडून एकदा तरी निंघालं का?"

"नाही निघालं."

"मंग?"

त्यानं असं विचारलं, जणू तेवढ्यानं सगळं फिटलं. मी म्हणालो, "दाजी, नाव नाही घेतलं तुम्ही. पण तो कोठडीत बसला आहे अन् तुम्ही घरी धार काढून राह्यले." तेव्हा मान खाली गेली ती पुन्हा माझ्यापुढे वर आली नाही.

पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही. चालते ती आरोपीनं पंचांसमक्ष काढून दिलेली वस्तू. म्हणून मी तोंडाचा एक शब्दही वाया घालवला नाही. पंच आत घेतले, निवेदन लिहिलं, ठाणेदारांना बोलावलं, सगळे जीपमध्ये बसलो. दाजीनं स्वतः शिडी लावून गोठ्याच्या आढ्यावरून पोत्यात गुंडाळलेली ठासणी काढून दिली. काकू दारात उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "तिथं सकायी चहात साखर जास्त नोको देऊ त्याईले. आंग सुजते."

साचाही जप्त केला; गोळी त्याच साच्याची, हे पुढे प्रयोगशाळेनंही सांगितलं. त्या दिवशी परतताना ठाणेदार म्हणाले, "जमादार, लेखी कौतुक करतो." केलं. ते सर्टिफिकेट घरी आहे, भिंतीवर. का लावू नये?

पुढचं आधी सांगून टाकतो. दाजीला शिक्षा झाली. भोगून आला आणि पुन्हा कधी चौकात बसला नाही. तो गेल्यावर, केस पूर्ण मिटल्यावर, मुद्देमाल नष्ट करण्याचा कोर्टाचा हुकूम आला. मी नोकरीतच होतो. बंदूक वर पाठवली. गोळीबद्दल पंचनाम्यात लिहिलं, 'खोल पाण्यात टाकून नष्ट केली.' पाणी कुठलं, ते पंचांना माहीत आणि मला.

आता पारध्याच्या सुटकेचं. कोर्टाचे कागद झाले. ठाणेदार म्हणत होते, मागच्या फाटकानं जाऊ द्या, उगाच गर्दी नको. मी अडून बसलो. म्हणालो, साहेब, गावासमोरून बेड्या घालून आणला आहे, गावासमोरच सोडायचा. शेवटी त्यांनी जीप दिली. पारधी आणि त्याची बायको मागे बसले. वाटेत कोनाड्यापासून डोहापर्यंत सगळं मी त्यांना सांगितलं. गावच्या चौकात जीप उभी केली. मयताचा भाऊ तिथं होता, पोलीस पाटील होता, पानठेल्यावर माणसं होती. मी मोठ्यानं बोललो, "या माणसाचा काही गुन्हा नाही. खरा माणूस सापडला. कोणी बेड्याकडे वाकडं पाहिलं तर गाठ माझ्याशी आहे."

पानठेल्यावरून एक आवाज आला, "अन् तितराचं काय मंग?" आणि दोन-चार जण हसले. मयताचा भाऊ हसला नाही. उठून निघून गेला.

पारधी जीपखाली उतरून तसाच उभा होता. जाऊ का, असं डोळ्यांनी विचारत होता. बायको उतरली, लुगडं सावरलं आणि माझ्यासमोर आली. मला वाटलं आता हात जोडेल. खोटं कशाला बोलू, मी त्याची वाट पाहत होतो.

ती म्हणाली, "जमादार, म्हाताऱ्यानं आपली रीत पायली म्हनून माहा मानूस सुटला. ज्याच्या घरी रीतच नाई, त्याच्या हातून झालं असतं तं?"

"तरी मी शोधून काढलं असतं," मी म्हणालो.

तिनं मला पायापासून टोपीपर्यंत पाहिलं. "कुठी? कोनाड्यात?"

आणि नवऱ्याला पुढे घालून गायरानाच्या वाटेला लागली.

नव्या पोरांना मी एक गोष्ट नेहमी शिकवली. माणूस पोलिसाशी खोटं बोलेल, बायकोशी बोलेल, देवाच्या दारात बोलेल, पण स्वतःची जी एक रीत असते तिच्याशी त्याला खोटं वागता येत नाही. ती रीत कोणती ते शोधा, माणूस सापडतो. हे मी शिकवलं, आणि ते खरं आहे. पण त्या बाईनं विचारलं त्याला हे उत्तर होत नाही, हेही मला कळत होतं.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, कुठल्याही गावात गुन्हा घडला की मी जीप आधी गावात घ्यायला लावायचो. पाटलाच्या ओट्यावर, सरपंचाच्या दारात, पाणी पीत, विचारत, घराघरानं. बेडा सगळ्यात शेवटी. ड्रायव्हर कुरकुरायचे, "जमादार, बेडा रस्त्यालेच लागते, गाव अंदर हाय. उलटा फेरा कायले?"

मी म्हणायचो, तू गाडी चालव.